खरखरीचा गृहउद्योग

२००० साली ऑस्ट्रेलियातल्या ‘एक्स्ट्रीम’ या छोट्या कंपनीने एका जपानी माणसाच्या ध्वनिमुद्रणांचा ५० सीडींचा खोका काढला. माणसाचं नाव मासामी अकिता, कामाचं नाव ‘मर्झबाऊ’. ५० सीडी, आणि त्यांत बहुतांशी ना सूर, ना ठेका, ना शब्द. पत्रा घासल्याचे, ॲम्प्लिफायरने गळा काढल्याचे, टेप उलटसुलट धावल्याचे आवाज, एकावर एक चढवलेले. बरं, ही केवळ पहिल्या वीसेक वर्षांची कमाई. गृहस्थ त्यानंतरही थांबलेले नाहीत. त्यांच्या प्रकाशनांची संख्या केव्हाच कित्येक शेकड्यांत गेली आहे. दुसऱ्या कुठल्या संगीतात एवढा रतीब घालणाऱ्याला लोक हसले असते. ‘नॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संगीताच्या दुनियेत मात्र अकिता विक्षिप्त ठरत नाहीत. त्यांच्याहून पुष्कळ कमी माहीत असलेली कितीतरी माणसं जगभर आपापल्या खोलीत बसून सर्किटं जोडतात, त्यांतून निघेल ते रेकॉर्ड करतात आणि स्वतःच विकतात, वाटतात, पोस्टाने धाडतात.

एवढं का निघतं, आणि ज्याचं त्यालाच का काढावं लागतं? माझ्या मते याचं उत्तर या मंडळींच्या स्वभावात कमी आणि त्यांच्या हातातल्या डब्यांत जास्त आहे. घरी जोडलेलं सर्किट दोनदा सारखं वाजत नाही. सेल उतरला, खोली तापली, एखादी वायर जराशी सरकली की आवाज निराळा. त्याला स्वरलिपी नाही. कालचं आज पुन्हा वाजवू म्हटलं तर वाजत नाही, दुसऱ्याला शिकवू म्हटलं तर शिकवता येत नाही. मग जे वाजलं त्याचं मुद्रण हीच रचना, आणि रोज वाजवणाऱ्याकडे रोज एक नवी रचना साठते. ती कुठली कंपनी काढणार? म्हणून वाद्य घडवणारा, वाजवणारा, रेकॉर्डिंग करणारा आणि प्रकाशक असे चौघे एकाच माणसात नांदतात. ‘हे संगीत आहे का’ हा वाद मी इथे बाजूला ठेवतो. तो शंभर वर्षं चालू आहे आणि त्यातून नवीन काही निघालेलं नाही.

वंशावळ सांगायची तर ती इटलीपासून. लुईजी रुसोलो मूळचा चित्रकार. मार्च १९१३ मध्ये त्याने गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला, कर्णे लावलेल्या लाकडी पेट्या बनवल्या आणि एप्रिल १९१४ मध्ये मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात त्यांची मैफल लावली. तिथे हाणामारी झाली. त्या मूळ पेट्यांपैकी आज एकही शिल्लक नाही. पुढे १९४८ मध्ये पॅरिसला प्येर शेफेरने रेल्वेच्या आवाजांची रचना रेडिओवरून ऐकवली. पण तो सरकारी स्टुडिओचा माणूस, यंत्रं त्याच्या घरची नव्हती. घरच्या यंत्रांचा पहिला ठसठशीत दाखला म्हणजे न्यूयॉर्कचं लुई आणि बेबे बॅरन हे जोडपं. नॉर्बर्ट वीनरचं सायबरनेटिक्सवरचं पुस्तक वाचून लुई सर्किटं जोडायचा आणि त्यांत झेपणार नाही एवढी वीज सोडायचा. सर्किट किंचाळायचं, कण्हायचं आणि जळून जायचं. मागे उरायची फक्त टेप. अशा टेपांतून त्या दोघांनी १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाचं सगळं पार्श्वसंगीत केलं. वादकांच्या संघटनेच्या धाकाने श्रेयनामावलीत मात्र ‘संगीत’ हा शब्द आला नाही, ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असं काहीतरी बिचकत लिहिलं गेलं.

तरीही या घराण्याचा मूळपुरुष मी डेव्हिड ट्यूडरला मानतो. ट्यूडर हा जॉन केजचा विश्वासातला पियानोवादक. केजची ४ मिनिटं ३३ सेकंदांची गाजलेली ‘मूक’ रचना १९५२ मध्ये पहिल्यांदा सादर केली ती यानेच. साठच्या दशकात त्याने पियानो हळूहळू सोडला आणि टेबलभर छोट्या छोट्या पेट्या मांडायला सुरुवात केली. ॲम्प्लिफायर, फिल्टर, मॉड्युलेटर. बऱ्याचशा स्वतः किंवा मित्रांनी जोडलेल्या. एकीचं आउटपुट दुसरीच्या इनपुटात, दुसरीचं फिरून पहिलीत, असं जाळं विणलं की बाहेरून काही न घालता पेट्या आपसात बोलू लागत. ट्यूडर त्यांना वाजवत नसे म्हटलं तरी चालेल. कुठलं बोलणं पुढे जाऊ द्यायचं आणि कुठलं तोडायचं एवढंच तो ठरवी. १९६८ च्या ‘रेनफॉरेस्ट’मध्ये त्याने स्पीकरच्या जागी वस्तूच वापरल्या आणि त्यांना थरथरवून त्यांच्याच अंगातून आवाज काढला. १९७३ मध्ये त्याच्या भोवतीच्या तरुणांनी गट केला, त्याचं नाव ‘कंपोजर्स इनसाइड इलेक्ट्रॉनिक्स’. रचनाकार सर्किटाच्या बाहेर बसलेला नाही, आत आहे, हे त्या नावातच आलं.

हा ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला येऊन गेला, हे आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक असतं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, त्याने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. यामागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन केजला भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्याच गीताबेन. त्या स्टुडिओत त्यांनी स्वतः, शिवाय आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत काम केलं. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या हुडकल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना चुटपूट लागते. कुतूहल आहे, धिटाई आहे, पण सगळा डोलारा एका महागड्या आयात यंत्रावर आणि एका संस्थेच्या खोलीवर उभा. ट्यूडरची हाताने पेट्या जोडण्याची विद्या मागे राहिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

आपल्याकडे संगीतात हातजोडणीचं इलेक्ट्रॉनिक्स शिरलं ते दुसऱ्याच दाराने. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बंगळूरच्या राज नारायण यांनी ‘राडेल’चा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. पेशाने अभियंता आणि छंदाने बासरीवादक असलेल्या माणसाने सर्किटाला घातलेली अट एकच: षड्ज केसभरही हलता कामा नये. ट्यूडर आणि त्याच्या वारसांची अट नेमकी उलटी. दोन्हीकडे लागणारे सुटे भाग मात्र जवळपास तेच.

ते सुटे भाग आता जरा जवळून पाहू. सीडी४०१०६ नावाची चौदा पायांची आयसी मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत, किंमत फार तर वडापावाएवढी. तिच्यात सहा इन्व्हर्टर असतात. इन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्टेज चढलं की शेपटीशी पडतं, तोंडाशी पडलं की शेपटीशी चढतं. आता शेपटीपासून तोंडापर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टन्स लावा आणि तोंडापासून अर्थला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. चौदाव्या पायाला नऊ व्होल्टच्या सेलचा प्लस, सातव्याला मायनस. कंडेन्सर भरू लागतो, वरचा उंबरठा ओलांडला की शेपटी पालटते, मग तो रिकामा होऊ लागतो, खालचा उंबरठा आला की पुन्हा पालटते. हे सेकंदाला शंभरेक वेळा होतं आणि स्पीकरमधून खर्जातली घुरघुर येते. कंडेन्सर दसपट मोठा लावला की घुरघुरीची टकटक होते. रेझिस्टन्सच्या जागी प्रकाशावर चालणारा एलडीआर लावला की हाताच्या सावलीने आवाज चढतो-उतरतो. ओलसर बोटं लावली तरी चालतं. मग तुमचा घामच रेझिस्टन्स.

इथवर हे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचं प्रकरण आहे. मजा पुढे. सहाही इन्व्हर्टर असे चालू केले आणि आयसीला जाणाऱ्या विजेच्या वाटेत मुद्दाम एक मोठा रेझिस्टन्स घालून तिला उपाशी ठेवलं, की सहाही जण एकाच अपुऱ्या ताटातलं ओरबाडू लागतात. एकाने ओढलं की दुसऱ्याचा सूर ढासळतो, तिसरा त्याच्या मागे जातो, मध्येच सगळे एका लयीत अडकतात आणि पुन्हा सुटतात. हे वर्तन डेटाशीटमध्ये नाही. बनवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा गैरवापर आहे. नॉइजवाल्यांच्या दृष्टीने वाद्य इथून सुरू होतं.

असाच दुसरा गैरवापर ट्रान्झिस्टरचा. साधा बीसी५४७ घ्यायचा, त्याच्या बेस आणि एमिटरमधला जोड उलटा लावायचा. सात-आठ व्होल्टांच्या पुढे तो जोड फुटल्यासारखा होऊन त्यातून बेशिस्त प्रवाह वाहू लागतो, आणि तो वाढवून ऐकला की धबधब्यासारखी शुद्ध खरखर मिळते. नव्या सेलवर हे झकास चालतं, सेल थकला की गप्प. तिसरी वस्तू पिझो चकती, घड्याळातल्या आणि खेळण्यातल्या बझरमधली. वायर सोल्डर करून ती पत्र्याला, स्प्रिंगला, सायकलच्या आऱ्याला चिकटवली की झाला कॉन्टॅक्ट माइक. नवशिक्यांची पहिली तक्रार असते की आवाज किरटा येतो. दोष चकतीचा नसतो. तिला खूप मोठ्या इम्पीडन्सचं इनपुट लागतं, मिक्सरच्या साध्या इनपुटात तिचा खर्ज गळून जातो. मध्ये एक छोटा बफर बसवला की तोच पत्रा गरजतो.

ही सगळी विद्या पूर्वी तोंडी किंवा झेरॉक्सवर फिरायची. तिला पुस्तकरूप दिलं निकोलस कॉलिन्स यांनी. त्यांचं ‘हँडमेड इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ २००६ मध्ये आलं, तिसरी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. गणित जवळजवळ नाही, आणि ४०१०६ हीच त्यातली नायिका. त्याआधी फॉरेस्ट मिम्स यांनी रेडिओ शॅकसाठी हाताने लिहिलेल्या वह्यांत १९८० मध्ये ५५५ टायमरवरचं एक छोटं सर्किट दिलं होतं. पुढे ते ‘अटारी पंक कन्सोल’ या नावाने प्रसिद्ध झालं आणि आजही बहुतेकांचा श्रीगणेशा त्यावरच होतो.

चुकीला वाद्य मानण्याची आणखी दोन उदाहरणं सांगायलाच हवीत. ॲमस्टरडॅमच्या स्टाइम या संस्थेत मिशेल वैसविस यांनी सत्तरच्या दशकात ‘क्रॅकल बॉक्स’ काढला. हातात मावणारी लाकडी डबी, वर सहा धातूच्या पट्ट्या, आत ७०९ ही १९६५ सालची ऑपॲम्प आयसी. ही आयसी नीट सांभाळली नाही तर आपणहून शिट्ट्या मारते. तिला गप्प ठेवण्यासाठी बाहेरून जे भाग लावायचे, त्या जागा वैसविस यांनी बोटांसाठी मोकळ्या सोडल्या. माणूस सर्किटाचाच भाग होतो आणि डबी केकाटते. सिनसिनाटीच्या रीड गझालाची गोष्ट याहून साधी. १९६६-६७ च्या सुमारास टेबलाच्या खणात पडलेला, पाठ उघडा असलेला खेळण्यातला ॲम्प्लिफायर धातूला लागून शॉर्ट झाला आणि सिंथेसायझरसारखा गाऊ लागला. बहुतेकांनी सेल काढला असता. गझालाने शॉर्ट कुठे होतोय ते शोधून तिथे स्विच बसवला. पुढे बोलक्या खेळण्यांची पाठ उघडून असे शॉर्ट हुडकणं हा छंदच झाला. त्याला ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव गझालानेच १९९२ मध्ये दिलं. यात एकच पथ्य आहे आणि त्याला अपवाद नाही: फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तू. घरच्या प्लगला जोडलेल्या यंत्रात बोट घालणारा कलावंत फार काळ कलावंत राहत नाही.

आता स्वयंप्रकाशनाकडे. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये, पण तिने घरात स्टुडिओ आणला तो १९७९ मध्ये, टास्कॅमच्या पोर्टास्टुडिओने. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. तोवर लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ने रस्ता दाखवला होता. या चौकडीने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९७७ च्या पहिल्या एलपीच्या ७८५ प्रती छापल्या. गटातला ख्रिस कार्टर सर्किटवाला. त्यांचा तो चिरका, कापरा आवाज ज्या डबीतून यायचा ती ‘ग्रिसलायझर’ही त्याने हातानेच बनवलेली, मूळ आराखडा रॉय ग्विन यांचा, १९७५ मध्ये ‘प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या छंदी मासिकात आलेला. डबी मासिकावरून, कंपनी घरची, प्रती शेकड्यांत. पुढच्या दशकातलं बहुतेक सगळं या तीन गोष्टींत आहे.

तेव्हाच्या टेपांच्या पाकिटांवर झेरॉक्सची कोलाजं असत. मराठी वाचकाला ती पाहून साठीतली सायक्लोस्टाइल केलेली लघुअनियतकालिकं आठवतील. कॅसेटने आपल्याकडेही प्रकाशनाची दारं उघडली होती, पण वेगळ्या लोकांसाठी. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर छोट्या कंपन्यांच्या भीमगीतांच्या कॅसेटा खपत होत्या. तिथे श्रोता आधी होता आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला स्वस्त साधन मिळालं. नॉइजवाल्यांकडे आधी साधन आलं, श्रोता नंतर शोधावा लागला.

शोधला तो पोस्टाने. अकिता यांनी १९७९ मध्ये घरातूनच ‘लोएस्ट म्युझिक अँड आर्ट्स’ या नावाने टेपा काढायला सुरुवात केली, १९८४ पासून ‘झेडएसएफ प्रोडक्ट’ हे नाव घेतलं आणि परदेशातल्या समानधर्मीयांशी टेपांची अदलाबदल चालवली. मर्झबाऊ हे नाव आलं जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सच्या ‘मेर्त्सबाऊ’वरून, त्याने हॅनोव्हरच्या आपल्या घरात टाकाऊ सामानातून एक वास्तू वाढवत नेली होती. अकितांचं वाद्यही त्याच जातीचं: पत्र्याचा तुकडा, त्यावर ताणलेल्या स्प्रिंगा आणि तारा, खाली कॉन्टॅक्ट माइक, पुढे इफेक्टच्या पेट्यांची रांग. त्याच सुमारास हिजोकाइदान हा नॉइज गट निघाला, पाठोपाठ इन्कॅपॅसिटंट्स. या शेवटच्या जोडीतले तोशिजी मिकावा दिवसा बँकेत नोकरी करत आणि त्यांचे साथीदार फुमिओ कोसाकाई सरकारी कचेरीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नॉइजवर कोणी जगत नाही, आणि म्हणूनच त्याला कोणाचं ऐकावं लागत नाही. डेव्हिड नोव्हाक यांनी ‘जपानॉइज’ (२०१३) या पुस्तकात मांडलंय की ‘जपानी नॉइज’ हा प्रकार म्हणून घडला तोच मुळी जपान आणि उत्तर अमेरिका यांच्यात टेपा जात-येत राहिल्यामुळे. एकीकडच्या आवाजाला दुसरीकडे नाव मिळालं आणि ते नाव परत आलं. आउटपुट इनपुटात घातलं की जे होतं, तेच.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी रॉन लेसार्ड यांच्या ‘आरआरआरेकॉर्ड्स’ने नव्वदच्या दशकापासून एक मालिका चालवली, ती मला या साऱ्या उद्योगाचा अर्क वाटते. जुन्या बाजारातल्या, कोणीतरी टाकून दिलेल्या पॉप गाण्यांच्या कॅसेटा घ्यायच्या, त्यांवर नॉइज चढवायचा, वर चिकटपट्टी मारून मार्करने नाव लिहायचं आणि विकायचं. मालिकेचं नाव ‘रिसायकल्ड म्युझिक’. नीट न पुसल्या गेलेल्या टेपेतून मध्येच एखादं प्रेमगीत डोकावलं तर तो बोनस.

आज मध्यबिंदू सरकला आहे, आणि माझ्या मते तो इंडोनेशियाकडे. योग्याकार्तात २००९ च्या सुमारास ‘जोग्जा नॉइज बॉम्बिंग’ सुरू झालं: घरी बनवलेल्या डब्या घेऊन चौकात, बागेत जायचं, सार्वजनिक प्लग दिसला की जोडायचं, हुसकावून लावेपर्यंत वाजवायचं. पैसे नाहीत म्हणून डब्या हाताने, सभागृह नाही म्हणून रस्ता. त्याच शहरातल्या ‘सेन्यावा’ या जोडीतले वुकिर सूर्यादी बांबूपासून, शेतीच्या अवजारांपासून विजेची वाद्यं बनवतात आणि रुली शबारा गळ्याने त्यांच्याशी झुंजतात. २०२१ मधला त्यांचा ‘अल्किसाह’ हा अल्बम एका कंपनीने काढला नाही, जगभरातल्या ४४ छोट्या लेबलांनी काढला. प्रत्येकाचं वेष्टन वेगळं, प्रती प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे. स्वयंप्रकाशन म्हणजे एकट्याने प्रकाशन, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

इंटरनेटने पोस्टाचा खर्च वाचवला, पण नवे मालकही आणले. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पने डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा ठेवून बाकीचे पैसे थेट कलाकाराला देण्याची सोय केली. २० मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी हा वाटाही सोडला. नॉइजसाठी ही पर्वणीच होती. पण २०२२ मध्ये ते व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने विकत घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या कंपनीला विकलं आणि त्या व्यवहारात सुमारे निम्मे कर्मचारी घरी बसले. दुकान चालू आहे, तरी कोणाच्या ओसरीवर आपण पथारी मांडली आहे हे सगळ्यांना एकदा दिसलं. कॅसेटा पुन्हा पन्नास-शंभरच्या खेपांत निघू लागल्या त्यामागे जुन्याची हौस आहेच, पण हेही कारण आहे.

आता कुरकुरी. पहिली, सरसकट सारखेपणाची. कुठलाही नियम नसलेल्या संगीतात माणसं चटकन एकाच सवयीत अडकतात: सुरुवात जोरात, मध्य आणखी जोरात, शेवट अचानक. डबी बनवायला आठवडा आणि ऐकायला अर्धा तास, असं झालं की डबी चांगली आणि संगीत सुमार. दुसरी, धक्क्याची. थ्रॉबिंग ग्रिसलने आपल्या कंपनीच्या बोधचिन्हात आउशविट्झच्या दाहगृहाचं छायाचित्र वापरलं होतं. त्यांचा हेतू काहीही असो, त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी छळछावण्या, खुनी आणि बांधलेल्या बायका यांची चित्रं वेष्टनांवर चिकटवणं हा धीटपणा समजला. मला तो आळस वाटतो. या पुरुषी आखाड्यात बायका नव्हत्या असंही नाही. ग्रिसलमध्येच कोसी फॅनी टुटी होत्या. बॉस्टनच्या जेसिका रायलन यांनी ‘फ्लॉवर इलेक्ट्रॉनिक्स’ या नावाने स्वतःचे सिंथेसायझर घडवले आणि त्यांवर जे वाजवलं त्यात दांडगाईपेक्षा थट्टा आणि नाजूकपणा जास्त आहे. नॉइज कसा कसा असू शकतो हे ते ऐकून कळतं.

तिसरी कुरकुर पैशाची. ‘हातजोडणी’ हा आता एक महागडा छापही झाला आहे. सुबक डब्या तयार मिळतात, मॉड्युलर सिंथेसायझरची एकेक पट्टी हजारो रुपयांची. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईची ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’ हातानेच पेडल बनवते आणि तिचा माल बाहेरदेशी नावाजला जातो. पण विकत आणलेली डबी कशी वागेल हे तिच्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. स्वतः जोडलेलीचं तसं नसतं, आणि सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

आणि कान. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात, आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीपुढे त्यांची काय गत होते ते आपण दर भाद्रपदात पाहतो. नॉइजच्या बंद खोलीतल्या कार्यक्रमाची पातळीही त्या भिंतीच्या वळणाची असते. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा कामगारांच्या सुरक्षिततेचा अमेरिकी हिशेब लावला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत कोटा संपतो. या वर्तुळातले जुनेजाणते कानांत बोळे घालूनच उभे असतात. नवखे त्यांना हसतात.

राहता राहिला जतनाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. टेप झडते, घरी भाजलेली सीडी काही वर्षांनी वाचली जात नाही, डब्यांतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात. अकितांच्या जुन्या टेपा निदान पुन्हा निघतात. ट्यूडर १९९६ मध्ये गेला. त्याच्या शेकडो पेट्या अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात ठेवल्या आहेत. यू नाकाई या अभ्यासकाने त्या पेट्या, त्यांतली सर्किटं आणि ट्यूडरची कागदपत्रं ताडून पाहत २०२१ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, कारण त्या रचना कशा चालत हे सांगणारं दुसरं फारसं काही नव्हतं. पन्नास प्रतींची टेप काढून मोकळ्या होणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा अभ्यासक येणार नाही. त्याने निदान टेपेच्या डबीत, नावांच्या चिठ्ठीमागे, सर्किटाची आकृती घडी करून घालावी: कुठली आयसी, कुठला रेझिस्टन्स, कुठल्या दोन पायांमध्ये बोट. काही जण आताशा घालतात.